सेकंदाला पंचवीस चित्रं

मास्तरांना माणसाचं नाव एक वेळ आठवायचं नाही, पण माप कधी विसरायचं नाही. "तो नाही का, साडेपंधरा मानेचा, उजवा खांदा अर्धा इंच उतरलेला," असं म्हणून ते तीस वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर उभं करत. शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना त्यांनीच उभा केलेला. पाच वर्षांपूर्वी तो त्यांनी लेकीच्या हाती दिला. दिला म्हणजे किल्ल्या दिल्या, सही दिली, काचेच्या खोलीतली खुर्चीही दिली. कापायचं टेबल मात्र दिलं नाही. लेकीला सगळे कामगार ताई म्हणत, म्हणून कारखान्यात मास्तरही तिला ताईच म्हणत आणि घरचा जिना चढायला लागले की पुन्हा 'बाळ'वर येत.

मास्तरांची एकच गोष्ट मापात राहिली नव्हती, ती म्हणजे त्यांचा उजवा हात. वर्षभरापासून तो त्यांचं ऐकेनासा झाला होता. कशावर टेकलेला असला की गप्प बसे, हवेत उचलला की थरथरू लागे. मास्तरांनी त्यावर नाना युक्त्या काढल्या होत्या. चहा निम्मा कपच घ्यायचा, "जास्त चहाने पित्त होतं." किल्ली डाव्या हाताने फिरवायची, "कुलूपच तसं आहे." आणि कापडाच्या चाळीस थरांवर विजेचं पातं चालवताना पुठ्ठ्याच्या फर्म्याभोवती मारलेल्या खडूच्या रेघेला चिकटायचं नाही, पाव इंच बाहेरून जायचं. जास्तीचं कापड पुढे मशीनवर आत मुडपलं जाईल, असा त्यांचा हिशेब. जन्मभर ज्यांनी रेघेवर पातं चालवलं, त्यांना हा पाव इंच मैलभर वाटे. पण हे कुणाला ठाऊक नाही, याबद्दल त्यांची खात्री होती.

अशात एका नव्या शाळेच्या कॉलरी आखूड निघाल्या. सोमवारी एक अख्खा गठ्ठा, गुरुवारी दुसरा, सगळ्या पाव इंचाने. कॉलर कापायचं काम मास्तरांचं. सकाळी ते कापत आणि दुपारी त्याचे गठ्ठे बांधून मशीनवर नेऊन देई तो डावऱ्या. डावऱ्या म्हणजे टेबलाचं दुसरं टोक. बावीस वर्षं तिथे उभा राहून तो बाह्या आणि पाटलोणी कापत होता, तेही डाव्या हाताने.

"डावऱ्याला टेबलावरून हलवावं लागणार बहुतेक," शुक्रवारी सकाळी ताई म्हणाली. तिची नजर संगणकावर होती. कारखान्यातल्या सहा कॅमेऱ्यांची चित्रं पडद्यावर सहा चौकोनांत दिसत.

मास्तर दारातच थांबले. "डावऱ्याला? कॉलरी तर मी कापल्या."

"माहितेय. पण तुमच्या हातून बरोबर सुटतात आणि मशीनवर आखूड पोचतात. मधे फक्त तोच असतो."

"माझ्या हातून बरोबर सुटतात हे तुला कोणी सांगितलं?"

"ते नका विचारू." ताईने मान वळवली. "त्याच्या तोंडावर मी अजून काही बोललेले नाही. आधी डोळ्यांनी बघणार. पण या खटाऱ्यात काही दिसेल तर ना! हे बघा."

तिने सोमवारची दुपार लावली. पडद्यावरची माणसं चालत नव्हती, टुणकन इथून तिथे उमटत होती. एका चित्रात डावऱ्याच्या हातात कात्री, पुढच्यात गठ्ठा, त्याच्या पुढच्यात डावऱ्याच गायब.

"कार्ड जुनं झालंय," ताई म्हणाली. "कॅमेरे बरे आहेत म्हणे, पण त्यांची चित्रं संगणकात घेणारं कार्ड बदलायला हवं. दुपारी जाऊन येते बाजारात."

"तू कशाला? मी जातो," मास्तर इतक्या घाईने म्हणाले की त्यांचं त्यांनाच चमत्कारिक वाटलं.

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"चाळीस वर्षं कापड घेतोय. मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. कार्ड काय नि कापड काय, उजेडात धरून बघायचं."

ताई हसली आणि तिने त्यांना जाऊ दिलं. आता मास्तरांच्या मनातलं सांगायला हवं. कॉलरी आपल्याच हातून बिघडल्या, हे त्यांनी मनोमन धरून टाकलं होतं. हात सरकला असेल, पातं आत गेलं असेल. नवं कार्ड आलं आणि टेबलावरचा कॅमेरा स्वच्छ बोलायला लागला, तर तो पहिल्यांदा त्यांच्याच हाताबद्दल बोलेल. मग टेबल गेलं. टेबल गेल्यावर सकाळी उठून कुठे जायचं, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. म्हणून नवं कार्ड आणायचंच, पण असं आणायचं की त्यात जुन्याइतकंच दिसावं.

कार्डवाल्याचं दुकान म्हणजे तारांचा गुंता आणि त्यातून वर आलेलं एक डोकं. मास्तरांनी सवयीने माप घेतलं. मान चौदा, पोट बेचाळीस, वरून तिसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं.

"या आजोबा, काय देऊ?"

"आधी आजोबा परत घे. मग बोलू."

"घेतला. बोला काका."

"सहा कॅमेऱ्यांना चालेल असं कार्ड."

कार्डवाल्याने दोन डबे काढून ठेवले. "दोन्हींना आठ तारा लागतात."

"सहा कॅमेऱ्यांना आठ तोंडं? दोन उपाशी बसणार?"

"उद्या कॅमेरे वाढवाल तेव्हा जेवतील ती. आता फरक ऐका. हे साधं कार्ड सेकंदाला पंचवीस चित्रं घेतं, पण सगळ्या कॅमेऱ्यांची मिळून. सहा जणांत वाटली की एकेकाच्या पानात चार. हे भारी कार्ड, हे प्रत्येक कॅमेऱ्याला पंचवीसच्या पंचवीस देतं. कुणाला कमी नाही."

"साधं दे."

कार्डवाल्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "काका, लोक भारी मागतात आणि घासाघीस करून साध्यावर येतात. तुम्ही साध्यापासूनच सुरुवात केलीत."

"भारी कार्डात चित्रं जास्त, म्हणजे डिस्क लवकर भरत असणार. बरोबर?"

"बरोबर."

"मग! आम्हाला जास्त दिवसांचं साठवायचंय." मास्तर स्वतःवरच खूश झाले. "आणि इतकं स्वच्छ बघून करायचंय काय? माणसं ओळखीचीच आहेत."

"निदान बघून तरी घ्या. नाहीतर घरी जाऊन मलाच शिव्या द्याल." कार्डवाल्याने काउंटरवरचा एक छोटा कॅमेरा खाली वळवला. मागे भिंतीवर दोन पडदे होते. "डावीकडे साधं, उजवीकडे भारी. कोपऱ्यात हे सेकंद पळताहेत ना, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. सेकंद पळत असले की चित्र जिवंत. सेकंद थांबले की समजायचं, कार्ड अडकलं. हं, आता हात पुढे करा."

मास्तरांनी न समजून उजवा हात पुढे केला.

डाव्या पडद्यावर तो हात इथून तिथे टुणटुण उडाला. कार्डवाल्याने शेजारी आपलाही हात धरला. तो चांगला धडधाकट हात, पण तोही तसाच उड्या मारू लागला. त्या पडद्यावर सगळ्यांचेच हात कापत होते. मास्तरांना वाटलं, ही जागा किती छान आहे. इथे कायमचं राहायला यावं.

मग त्यांनी उजव्या पडद्याकडे पाहिलं. तिथे एक हात स्थिर होता. दुसरा हात थरथरत होता, बारीक, सारखा, न थांबता, जणू त्याला कुणी आतून हलवत होतं. मास्तर तो हात रोज बघत, पण असा समोरून, दुसऱ्याचा असल्यासारखा त्यांनी तो कधी पाहिला नव्हता.

कार्डवाल्याने हळूच कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि दोन्ही पडद्यांवर समोरचं चपलांचं दुकान आलं.

"टेबलावर दोन माणसं काम करत असतील," मास्तर म्हणाले, "आणि साधं कार्ड असेल, तर काय दिसतं?"

"दोघं सारखेच दिसतात. कुणी काय केलं ते नाही सांगता येत."

"मग मालक कुणाला धरतो?"

"ते कार्डावर नसतं, काका. ज्याला घालवणं सोपं, त्याला धरतात."

मास्तरांनी साधं कार्ड घेतलं.

ते पिशवीत घालून बसच्या थांब्यावर आले आणि बाकावर बसले. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. पहिली बस आली, त्यांनी जाऊ दिली. त्यांना डावऱ्या आठवत होता. नवा आला तेव्हा मास्तरांनी त्याला सहा महिने उजव्या हाताने कापायला लावलं होतं. चार थर वाया गेले, तेव्हा चूक कुणाची हे ध्यानात आलं. मग त्यांनी स्वतः लोहाराकडे बसून डाव्या हाताची कात्री घडवून घेतली होती, मुठीचा आकार तीनदा बदलून. ती हातात घेऊन डावऱ्या म्हणाला होता, "मास्तर, ही माझ्यासाठीच केली?" आणि मास्तर खेकसले होते, "नाही, भिंतीवर टांगायला केली!" ते आठवून त्यांना हसू आलं आणि मग ते हसू काही त्यांच्या तोंडावर टिकेना.

दुसरी बस आली. मास्तर उठले आणि उलट्या दिशेने चालायला लागले.

"काय झालं काका?" कार्डवाला म्हणाला. "डबा तर उघडलेला दिसत नाही. बिघडलं कसं?"

"बिघडलं नाही. माप चुकलं. भारी दे."

शनिवारी सकाळी कार्डवाला येऊन कार्ड बसवून गेला. ताईने डब्यावरचा मजकूर वाचून भुवया उंचावल्या. नव्या शाळेच्या कॉलरी पुन्हा कापायच्या होत्या. मास्तरांनी पात्यापासून बोटं वाचवणारा लोखंडी जाळीचा मोजा डाव्या हातावर चढवला, एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पातं चालू केलं. त्या दिवशी त्यांनी कुठलीच युक्ती केली नाही. हात लपवला नाही, अंगाचा आडोसा धरला नाही. जसा कापत होता तसा कापू दिला.

जेवणाची सुट्टी संपली तसे ते काचेच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"ताई, सकाळचं टेबल लाव."

तिने लावलं. पडद्यावर सगळं लख्ख होतं. खडूची रेघ, पातं, रेघेपासून दूर चाललेलं पातं आणि त्याच्या मुठीवरचा हात.

"त्या कॉलरी माझ्या हातून बिघडल्यात, बाळ," मास्तर म्हणाले. कारखान्यात त्यांनी तिला पहिल्यांदाच बाळ म्हटलं. "डावऱ्याला काही म्हणू नकोस. हात कापतो माझा. वर्ष झालं."

ताईने पडद्यावरून नजर हलवली नाही. "चौदा महिने."

"काय?"

"चौदा महिने झाले. तुम्ही सदऱ्याची बटणं लावायची सोडून सदरा डोक्यातून घालायला लागलात ना, त्या दिवसापासून मी मोजतेय. पित्त म्हणे! निम्म्या कपाने कुणाचं पित्त कमी झालंय?"

एवढा वेळ झाकून ठेवलेली गोष्ट समोरच्याने आधीच उघडून, झटकून, घडी घालून ठेवली होती.

"पण कॉलरी तुमच्या हातून बिघडल्या नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही पाव इंच बाहेरून कापता, ते बघितलं मी. मग या नव्या शाळेचा पुठ्ठ्याचा फर्मा काढताना मीच तो चारी बाजूंनी पाव इंच लहान काढला. रेघ आत गेली. तुम्ही बाहेरून कापलंत की बरोबर मापात येतं. सोमवारी सुट्टीआधी गुपचूप टेप लावून पाहिलं, सुतासारखं बरोबर होतं! म्हणून तर म्हटलं, डावऱ्याच काहीतरी करतोय. त्याला तुमचं टेबल हवं असेल, तुमचं नाव खराब करत असेल, काय काय आलं माझ्या डोक्यात."

"माझा फर्मा तू लहान केलास?" मास्तरांचा आवाज चढला. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, कुलूपच तसं आहे."

एवढ्यात ताईने पडद्याकडे बोट दाखवलं. "बाबा, बघा! बघा, सापडला!"

बोलता बोलता तिने चित्र पुढे पळवलं होतं आणि पडद्यावर जेवणाची सुट्टी झाली होती. टेबल रिकामं होतं. डावऱ्या एकटाच आत आला आणि त्याने दाराकडे पाहिलं, चोरासारखं. मग डाव्या हाताची कात्री काढली. मास्तरांनी कापलेल्या कॉलरींची चवड त्याने पुढे ओढली, वजन ठेवलं आणि जीभ दातांत धरून कडेकडेने कापायला लागला. अगदी रेघेवरून. केसभरही आत नाही, केसभरही बाहेर नाही. काढलेली पट्टी त्याने खिशात कोंबली आणि पुन्हा दाराकडे पाहिलं.

मास्तर खुर्चीत बसले. "हाक मार त्याला."

डावऱ्या आला तो दारातच उभा राहिला. मागचे केस गेलेला, पंचेचाळिशीचा माणूस, पण त्याचं तोंड शाळेत पकडलेल्या मुलासारखं झालं होतं. पडद्यावर त्याचं थांबलेलं चित्र होतं, कात्रीसकट.

"खिशात काय आहे?" ताईने विचारलं.

त्याने खिसा उलटा केला. कापडाच्या बारीक पट्ट्या जमिनीवर पडल्या.

"कधीपासून करतोस हे?" मास्तर म्हणाले.

"वर्ष होऊन गेलं, मास्तर." तो मास्तरांकडे न बघता पट्ट्यांकडे बघत म्हणाला. "तुमचं कापलेलं थोडं बाहेर जातं अलीकडे. मशीनवरच्या बायका कुरकुरायला लागल्या असत्या. म्हटलं, तेवढं रेघेवर आणून देऊ. तुमच्या नजरेस येऊ नये म्हणून सुट्टीत करतो. रेघ काही माझी नाही, तुमचीच असते."

"रेघ माझी नव्हती," मास्तर म्हणाले. "या बाईची होती."

ताईने सगळं सांगितलं. डावऱ्याने फर्मा हातात घेऊन त्याच मापाच्या जुन्या फर्म्याशी लावून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे तुम्ही कमी केलं, मास्तरांनी जास्त कापलं आणि मी पुन्हा कमी केलं?"

"तिघं मिळून एक कॉलर कापत होतो," मास्तर म्हणाले, "आणि तिघांनाही वाटत होतं, आपण एकटेच."

आधी हसली ताई. मग डावऱ्या. मास्तर शेवटी हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते डाव्या हाताने, सवयीने. लगेच लक्षात येऊन त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांदेखत त्याच हाताने पुन्हा पुसले. जरा इकडेतिकडे झाले, पण पुसले.

"डावऱ्या, मला माफ कर," ताई म्हणाली. "मी तुझ्याबद्दल फार वाईट विचार केला."

"मनातच केलात ना ताई? मग ते कुणाच्या कॅमेऱ्यात आलं नाही," डावऱ्या म्हणाला.

तिघं बाहेर टेबलापाशी आले. मास्तरांनी जाळीचा मोजा उचलला आणि बराच वेळ हातात धरला. जाळीच्या कड्या किणकिणत होत्या. मग तो त्यांनी डावऱ्याच्या हातात दिला.

"पातं आता तुझं."

"मास्तर, हा डाव्या हाताचा मोजा. मला उजव्या हाताचा लागतो."

"बावीस वर्षं झाली, अजून अक्कल आली नाही. उलटा करून घाल! जाळीला काय पुढचं-मागचं असतं?"

डावऱ्याने मोजा उलटा करून उजव्या हातावर चढवला. तो बरोबर बसला. मास्तरांनी तो बसला की नाही हे पाहिलं नाही. त्यांना माप ठाऊक होतं.

ताईने काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला काय विचारायचं होतं ते मास्तरांना कळलं. सोमवारी सकाळी तुम्ही कुठे जाणार? रविवारभर तेही तेच विचारत राहिले, स्वतःला.

सोमवारी ते नेहमीच्या वेळेला कारखान्यात आले. टेबलाला वळसा घालून ते पुढच्या टोकाला गेले, जिथे कापडाचे थर एकावर एक पसरतात. ते काम गेली कित्येक वर्षं जो मोकळा असेल तो करी आणि कसंही करी. मास्तरांनी गठ्ठा सोडला, पहिला थर अंथरला आणि दोन्ही तळवे त्यावर टेकून मधून बाहेर फिरवत नेले. सूत सरळ आलं. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. खालचा एक थर दोऱ्याएवढा सरकला तर वरचे सगळे वाया जातात, आणि तो सरकलाय हे डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतं. त्यांच्या तळव्याला कळत होतं. जुना फर्मा आणि खडू जवळ ठेवून डावऱ्या पातं घेऊन पलीकडे वाट बघत उभा राहिला.

"सावकाश होऊ द्या, मास्तर."

"तू सांगू नकोस. तू अजून उलटा मोजा घालायला शिकतोयस."

शेवटचा थर होता. मध्यावर एक सुरकुती होती, केसाएवढी. मास्तरांनी तिच्यावर उजवा हात ठेवला, बोटं पसरून, आणि दाबून धरला.

काचेच्या खोलीतून ताईची हाक आली. "बाबा, कार्ड अडकलं बहुतेक! टेबलाचं चित्र हलतच नाहीये. बोलवू का त्या माणसाला?"

डावऱ्याने मास्तरांच्या हाताकडे पाहिलं, मग वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"कोपऱ्यातले सेकंद बघ, ताई," मास्तर हात न हलवता म्हणाले. "पळताहेत का?"

मग तिचा आवाज आला, बारीक, घरच्या जिन्यावर असतो तसा. "पळताहेत, बाबा."

सुरकुती केव्हाच गेली होती. मास्तरांनी हात मात्र आणखी थोडा वेळ तिथेच ठेवला.